राखणदार, माळ्यावर आहेस का?

आजच्या सेवेचं वचन नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायातलं, तेविसावं. त्याचा भाव असा : घर राखा, शेत राखा, पण सगळ्यांच्या आधी अंतःकरण राखा, कारण जीवनाचा झरा तिथं आहे. झऱ्याच्या तोंडाशीच पाणी गढूळ झालं, तर खाली कितीही हंडे घासा, भरायचं ते गढूळच.

आता मन राखायचं म्हणजे काय करायचं? पुष्कळांना वाटतं, मनात वाईट विचारच येता कामा नये. आणि तो तर येतो! हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला पायी येणाऱ्या माणसाच्याही मनात येतो, वेदीपुढं गुडघे टेकलेल्याच्याही येतो. मग माणूस खचतो. म्हणतो, ‘माझी भक्ती खोटी.’ तसं नाही, बाबांनो.

ज्वारी हुरड्यात आली, की शेतात माळा बांधतात. राखणदार गोफण घेऊन वर बसतो. तांबडं फुटलं, की पाखरांचे थवे येतात. राखणदाराला आभाळ बंद करता येतं का? नाही. डोक्यावरून पाखरू गेलं म्हणून मालक त्याला बोल लावत नाही. मालक एवढंच विचारतो : पाखरू कणसावर बसलं, तेव्हा तू कुठं होतास? आणि उन्हं वर आल्यावर जागा होऊन, हाकारे घालीत सुटला, तर हाती काय? रिकामी कणसं!

मोह येणं हे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्र सांगतं, प्रभू येशूचीही आपल्यासारखी परीक्षा झाली, पण तो निष्पाप राहिला. त्याला आत थारा देणं, दाणे घालणं, तिथं पाप सुरू होतं.

आता आख्यान दावीद राजाचं. गोफणीचं नाव निघालं, की दावीद आठवायचाच. मेंढरं राखणारं पोर. ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे वेचले आणि एकाच गोट्यात गल्याथ पाडला. एवढा नेमबाज! पण पुढं काय झालं, ते २ शमुवेलच्या ११ व्या अध्यायात वाचा. राजांनी लढाईवर जायचा हंगाम होता. दाविदानं यवाबाला आणि सैन्याला पाठवलं, स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी बिछान्यावरून उठला, गच्चीवर फेऱ्या घालू लागला. राखणदार उंचावर चढला खरा, पण गोफण हातात नव्हती.

एक स्त्री स्नान करताना दिसली. दिसणं हे आभाळातलं पाखरू. तिथंच मान वळवायची. त्यानं चौकशी केली. उत्तर आलं : ही बथशेबा, उरीया हित्तीची बायको. देवानं दिलेला तो इशाराच होता, तिथंही मागं फिरता आलं असतं. त्यानं तिला बोलावणं धाडलं. ती गरोदर राहिली. मग पाप झाकायला उरीयाला रणातून बोलावलं, दारू पाजली. तो प्रामाणिक गडी, सोबती उघड्यावर असताना घरी जाईना. शेवटी त्याच्याच हाती त्याच्या मरणाची चिठ्ठी देऊन यवाबाकडं पाठवला. कुठं एक नजर, आणि कुठं एका निष्ठावंताचा खून! मंडळी, दाविदाला गच्चीवर चढावं तरी लागलं. आपली गच्ची आता खिशात असते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बोटानं उघडते.

आता प्रभूकडं बघा. ४० दिवसांचा उपास, पोटात भूक, भोवती रान. सैतान नेमका तेव्हाच आला. मोहाला आपली वेळ ठाऊक असते : माणूस भुकेला, थकलेला, एकटा, नाहीतर रागावलेला. प्रभूनं सैतानाशी वाद वाढवला नाही. तीन वेळा मोह आला, तीन वेळा शास्त्रवचनानं उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं अनुवादाच्या पुस्तकातली. हे गोटे आधीच वेचलेले होते. पाखरं आल्यावर गोटे शोधायला ओढ्याकडं पळालात, तर शेत गेलंच समजा. म्हणून रोज एक वचन पाठ करा. आपल्या मनात कोणतं पाखरू कुठल्या वेळी येतं, तेही ओळखून ठेवा.

आणि जिथं गोफण चालत नाही, तिथं पळा! पोटीफराच्या बायकोनं वस्त्र धरलं, तेव्हा योसेफ वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. त्याबद्दल तुरुंगात गेला, हेही सांगतो. मन राखलं म्हणून लगेच हार गळ्यात पडत नाही. पण तुरुंगातही देव त्याच्यासोबत होता.

माझंही सांगतो. एका गावच्या सणाला माझ्यानंतर एका तरुण कीर्तनकाराची सेवा झाली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. माझ्या मनात काटा शिरला आणि मी तो उपटला नाही, कुरवाळला. दोन वर्षं त्या पोराशी धड बोललो नाही. कोणी त्याचं नाव सुचवलं, की त्याच्यातली खोट काढायचो. एकदा मत्सरावर कीर्तन करून घरी आलो. मंडळींनी ताट वाढलं आणि हळूच विचारलं, “अहो, आजचं कीर्तन कुणासाठी होतं?” घास घशात अडकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

दाविदाला नाथान भेटला. गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगून त्यानं राजाला आरसा दाखवला. राजानं त्याला हाकललं नाही, ‘मी पाप केलं’ म्हणून कबूल केलं. देवानं क्षमा केली. परिणाम भोगावे लागले, पण देवानं त्याला टाकलं नाही. आपल्या घरातला नाथान ओळखा, त्याच्यावर रागावू नका.

कोणी म्हणेल, ‘महाराज, माझं शेत तर पाखरांनी केव्हाच खाल्लं.’ ५१ वं स्तोत्र उघडा. दाविदानं तिथं पाप झाकायला पडदा मागितला नाही, नवं हृदय मागितलं. देवाच्या घरी अजून पेरणी होते. आज रात्री निजण्याआधी प्रभू आपल्याला एवढंच विचारील : राखणदार, माळ्यावर आहेस का? ‘आहे, प्रभू, पण झोप येते, तू माझ्याजवळ बस,’ एवढं म्हटलंत तरी पुरे. गेथशेमानेत शिष्य झोपले होते, तेव्हा जागा होता तो तोच.

प्रभू येशूच्या नावानं, आमेन.