आधी वाटे, मग वैराग्य

तुकोबारायांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले, हे आपल्या रनाळ्यातल्या लहान लेकरालाही माहीत आहे. पण बुडवण्याआधी महाराजांनी काय केलं, ते आज ऐका.

देहूचं ते घर खातंपितं. महाजनकी, दुकान, शेती. पण वडील बोल्होबा गेले, आई कनकाई गेल्या. थोरली वहिनी वारली अन् थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थाला निघून गेले. त्यात १६३० च्या सुमाराचा मोठा दुष्काळ. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. दुकान बसलं.

पुढची कथा महिपतीबोवांनी सांगितली आहे. कागद बुडवायची वेळ आली तेव्हा धाकट्या कान्होबांना प्रपंचाची काळजी पडली. त्यांना लेकरंबाळं पोसायची होती. महाराज रागावले नाहीत. त्यांनी कागदांचे दोन वाटे केले. एक कान्होबांच्या हाती दिला आणि आपला तेवढाच डोहात सोडला. बरं का मंडळी, वैराग्य आपल्या वाट्याचं करायचं असतं, दुसऱ्याच्या वाट्याचं नव्हे!

आता आपलं घर बघा. कर्ता माणूस जातो, तेराव्याला गाव जेवतं, पण सातबाऱ्यावर त्याचंच नाव वर्षानुवर्षं राहतं. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. मग फेरफार होतो, नावं चढतात. नाही चढली तर पुढं पीककर्जाला अडतं.

बँकेच्या खात्याला नॉमिनी लावा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसा उचलतो, सांभाळतो. हक्क सगळ्या वारसांचा. आणि २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा आहे. तिनं राजीखुशीनं हक्कसोड दिला तर तिची मर्जी. पण माहेर तुटेल या भीतीनं तिनं सही केली, तर ते वैराग्य तिचं नाही, तो आपला लोभ आहे!

म्हणून मिरची-कापसाचे पैसे हाती आले, की वारीला निघण्याआधी एक वही करा. घेणं किती, देणं किती, पासबुक कुठं, विम्याचा कागद कुठं, सगळं त्यात लिहा आणि घरच्या माउलीला वाचून दाखवा. दार लावून निघतो, तसा हिशेब लावून निघा. मग पंढरीच्या वाटेवर मन मागं ओढणार नाही.

रामकृष्ण हरी!