बंगळुरूतील गरोदर स्त्रिया आणि फ्लूची लस

बंगळुरूच्या सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला जे तायी कार्ड मिळते, त्यावर धनुर्वात आणि घटसर्प रोखणाऱ्या टीडी लसीची नोंद होते. फ्लूची लस मात्र राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्याने बहुधा पदरमोड करून घ्यावी लागते, आणि म्हणूनच ती राहून जाते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच या लसीसाठी गरोदर स्त्रियांना अग्रक्रम दिला होता. टोचायच्या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो. नाकात फवारायची, जिवंत विषाणूची लस गरोदरपणात वर्ज्य आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नसल्याने त्याला तेवढाच आधार असतो. साथ पावसाळ्यात बळावत असल्याने लस शक्यतो त्याआधी घ्यावी, तरी गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात ती चालते.