जामठ्याचा चषक धनजला कधी येणार?

2 मार्च 2025, रविवार. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भाचा दर्शन नळकांडे अर्धशतकाला पोचला, दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले आणि रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित सुटला. विदर्भाच्या दुसऱ्या डावात 9 बाद 375 झाल्या होत्या. पहिल्या डावात केरळवर 37 धावांची आघाडी होती, तिच्या जोरावर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. त्याच दिवशी दुबईत चॅम्पियन्स करंडकात भारत विरुद्ध न्यूझीलंड सामना होता. वरुण चक्रवर्तीने पाच बळी घेतले, भारत 44 धावांनी जिंकला. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, अमरावतीच्या बाजूला असलेल्या धनजसारख्या गावात त्या संध्याकाळी क्रिकेटवर बोलणं झालंच असेल तर ते दुबईचं. विदर्भाच्या विजयाचा एखादा फटाका इकडच्या गावांत उडाला असेल, असं मला वाटत नाही.

विदर्भाचे अकरा जिल्हे, त्यातला वाशीम एक. म्हणजे हा संघ धनजचाही आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंजा तालुक्यातून नागपूर गाठायला पूर्वीसारखा दिवस जात नाही. क्रिकेटचं वेडही गावोगावी आहे. तूर निघाली, रान मोकळं झालं की पोट्टे खेळपट्टी ठोकून काढतात, टेनिस बॉलचे सामने लागतात, माईकवर समालोचन सुरू होतं आणि शेवटच्या षटकाला बांधावर उभं राहायला जागा मिळत नाही. मग भारतात आज चालू असलेल्या सगळ्यात जुन्या प्रथम श्रेणी स्पर्धेचं विजेतेपद आपल्या संघाने तीनदा मिळवलं, तरी ते आपलं का वाटत नाही?

याचं उत्तर शोधताना एका फार दूरच्या मैदानापासून सुरुवात करावी लागते.

आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा खेळ आहे. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू, हातात ॲश लाकडाची चपट्या टोकाची काठी, लहानसा कातडी चेंडू आणि सत्तर मिनिटं श्वास घेऊ न देणारी धावपळ. जाळ्यात गेलेला चेंडू तीन गुणांचा, दांडीवरून गेलेला एका गुणाचा. 2018मध्ये युनेस्कोने या खेळाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. 20 जुलै 2025 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऑल-आयर्लंड अंतिम सामना झाला. ब्याऐंशी हजारांवर माणसं सामावणारं ते मैदान. एका बाजूला कॉर्क, दुसऱ्या बाजूला टिपरेरी, दोन्ही कौंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या. कॉर्कने 2005नंतर हा चषक पाहिलेला नव्हता. आदल्या वर्षी क्लेअरने त्यांना जादा वेळेत एका गुणाने हरवलं होतं. 2025मध्ये मात्र लीग आणि मन्स्टर प्रांताची, अशा दोन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या होत्या. मध्यांतराला ते सहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात त्यांना फक्त दोन गुण मिळाले. टिपरेरीने तीन गोल आणि चौदा गुण केले आणि सामना पंधरा गुणांनी घेतला. टिपरेरीचा गोलरक्षक रिस शेलीने पेनल्टी अडवली, वर लांबून एक गुणही मारला. विशी गाठत असलेल्या डॅरा मॅकार्थीने एकट्याने एक गोल आणि तेरा गुण केले. याच पोराला त्याच मोसमात कॉर्कविरुद्धच्या सामन्यात सुरुवातीलाच बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी लियम मॅकार्थी चषक घेऊन संघ आपल्या कौंटीत, थर्ल्सला परतला. सेंपल स्टेडियम माणसांनी भरलं होतं. थर्ल्स म्हणजे 1884 साली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन जिथे स्थापन झाली ते गाव. या संघटनेचं मूळ सूत्र एकच: खेळाडूला पगार नाही. क्रोक पार्कवर लाखभर डोळ्यांसमोर खेळणारा मुलगा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातो. तो आधी आपल्या गावच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या क्लबचा असतो, मग कौंटीचा. क्लब बदलून मोठ्या गावाकडे सहज जाता येत नाही. म्हणून अंतिम सामना हरला तर होणारं दुःख ओळखीच्या घराचं असतं. आणि चषक आला की तो शाळाशाळांत, गावागावांत फिरतो, लहान मुलं त्याला हात लावतात, फोटो काढतात. पुढचा मोसम त्या फोटोंतून उभा राहतो.

आता पुन्हा जामठ्याला येऊ. त्या सामन्यात जी नाट्यं घडली, ती कोणत्याही खेळाच्या चाहत्याला वर्षभर पुरली असती.

26 फेब्रुवारीला सामना सुरू झाला. महाशिवरात्रीचा दिवस. गावोगावी यात्रा, महादेवाच्या देवळात रांगा, शेतात हरभऱ्याची सोंगणी. तिकडे केरळने नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि 24 धावांत तीन गडी टिपले. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली. मालेवार एकवीस वर्षांचा नागपूरचा मुलगा, त्याने 153 केल्या. नायर 86वर धावबाद झाला. विदर्भाच्या 379 झाल्या. केरळचा कर्णधार सचिन बेबी उत्तरात 98पर्यंत पोचला. शतकाला दोन धावा बाकी असताना पार्थ रेखडेला मोठा फटका मारायला गेला आणि झेल देऊन बसला. उरलेले गडी झटपट गेले, केरळ 342. दुसऱ्या डावात नायरला 31वर जीवदान मिळालं आणि त्याने 135 करून ते वसूल केलं. शतक झाल्यावर त्याने नऊ बोटं वर केली. मोसमातलं नववं शतक होतं ते.

केरळच्या चाहत्याच्या जागी उभं राहून हा सामना पाहिला तर त्याचं दुःख कळतं. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध केरळला आघाडी मिळाली एका धावेची, तीही सलमान निझार आणि बासिल थंपी यांनी शेवटच्या गड्यासाठी 81 धावा जोडल्या म्हणून. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध आघाडी दोन धावांची. गुजरातला बरोबरीला दोन आणि आघाडीला तीन धावा हव्या असताना नागवासवालाने मारलेला फटका जवळच उभ्या असलेल्या निझारच्या हेल्मेटवर आदळला, उडाला आणि सचिन बेबीच्या हातात विसावला. एक धाव, दोन धावा, आणि मग सदतीसने घात. रणजीच्या इतिहासात केरळ प्रथमच अंतिम फेरीत आलं होतं. संघ हरला असं म्हणता येत नाही, कारण सामना अनिर्णितच होता. तरी करंडक गेला. आणि केरळने काय केलं? तिथल्या क्रिकेट संघटनेने खास विमान करून खेळाडूंना घरी आणलं, तिरुवनंतपुरमला स्वागत झालं, मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत सत्कार झाला. उपविजेत्यांचा.

त्यातली एक गोष्ट आपल्याला जास्त लागायला हवी. गुजरातचा तो शेवटचा बळी ज्याच्या चेंडूवर पडला, तो आदित्य सरवटे नागपूरचा. विदर्भाच्या पहिल्या दोन्ही विजेतेपदांत तो होता. फेब्रुवारी 2019च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा गडी त्याने बाद केले, दोन्ही डावांत पुजारासुद्धा त्याच्याच जाळ्यात सापडला. 2024-25च्या मोसमात तो केरळकडून खेळला, आपल्याच गावच्या मैदानावर आपल्याच जुन्या संघाविरुद्ध 79 धावा करून गेला. अशा खेळाडूचं काय करायचं, त्याला टाळ्या वाजवायच्या की गप्प बसायचं, असा पेच चाहत्याला पडावा, यासाठीच तर खेळ असतो. आपल्याकडे हा पेच फार थोड्यांना पडला, कारण सरवटे मुळात आपला होता, हेच फार थोड्यांना ठाऊक होतं.

विदर्भाच्या विजयांचं नशीबही विचित्र. रणजीत विदर्भाचा पहिला मोसम 1957-58चा. पहिली अंतिम फेरी गाठायला साठ वर्षं लागली. 2017च्या डिसेंबरात कोलकात्यात कर्नाटकला फक्त पाच धावांनी हरवून संघ इंदूरला गेला. तिथे रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध त्रिक साधलं, तिन्ही गडी त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात त्रिक घेणारा तो दुसराच गोलंदाज. अक्षय वाडकरने शतक ठोकलं, वसीम जाफरने विजयी फटका मारला, फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. तो दिवस होता 1 जानेवारी 2018. त्याच दिवशी भीमा कोरेगावला दंगल झाली आणि पुढचे काही दिवस महाराष्ट्राला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून करंडक राखला, लगोलग शेष भारताविरुद्धचा इराणी चषकही राखला आणि त्या चषकाची बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबांना देऊन टाकली. मार्च 2024मध्ये वानखेडेवर मुंबईकडून 169 धावांनी हार झाली. 538चं लक्ष्य असताना वाडकरने शतक काढलं आणि हर्ष दुबेच्या साथीने पाचव्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईला घाम फोडला. हरताना इतकं लढलेला संघ घरी परतल्यावर त्याच्यासाठी विदर्भातल्या किती गावांच्या पारावर चर्चा झाली असेल? पुढच्या मोसमात त्याच मुंबईला नागपुरात उपांत्य सामन्यात 80 धावांनी हरवलं. त्याच मोसमात दुबेने 69 बळी घेऊन एका रणजी मोसमातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला.

लोकांना गोडी नाही, हे उत्तर मला पटत नाही. ज्या प्रदेशात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914पासून उभं आहे, ज्याच्या खेळाडूंनी 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, तिथे खेळाची ओढ कमी असणं शक्य नाही. थंडीतल्या रात्री हॅलोजनच्या उजेडात कबड्डीचे खुले सामने लागले की धनजच्या पंचक्रोशीतली माणसं मफलर गुंडाळून बारा-एकपर्यंत बसतात. चढाईला गेलेल्या पोराचा पाय रेषेला लागला की नाही, यावरून पंचाभोवती कोंडाळं होतं. हरलेल्या गावचे लोक परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकमेकांशी बोलत नाहीत, आणि जिंकलेल्या गावात ढाल मारुतीच्या देवळासमोर ठेवून गुलाल उधळला जातो. “काय खेळला बाप्पा पोट्टा!” हे वाक्य मग आठवडाभर ऐकू येतं. टिपरेरीत जे होतं तेच हे, फक्त मैदान लहान. तो पोट्टा कोणाचा, त्याचं घर कोणतं, त्याचा बाप काय करतो, हे बघणाऱ्याला माहीत असतं.

रणजीच्या संघाशी हा धागा जुळलेला नाही. म्हटलं तर दुवे आहेत. सलामीचा अथर्व तायडे अकोल्याचा आहे, वाशीम जिल्हा 1998पर्यंत अकोल्याचाच भाग होता. आयपीएल 2025 जिंकलेल्या बंगळूरूच्या संघातला जितेश शर्मा अमरावतीचा, म्हणजे धनजहून तासाभराच्या अंतरावरचा. भारताकडून खेळलेला उमेश यादव खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. पण गावच्या टेनिस बॉलच्या सामन्यात चमकलेल्या मुलाला लेदर बॉल कुठे मिळतो, जिल्ह्याच्या निवड चाचणीची खबर त्याच्यापर्यंत कधी पोचते, तिथे जायला सकाळची एसटी आहे का, हे प्रश्न कोणी सोडवत नाही. गावातून संघापर्यंत वाट दिसली, की संघाकडून गावापर्यंत आनंद आपोआप येतो. ही वाट धूसर आहे, म्हणून “ड्रॉ झाली तर जिकले कसे?” असा प्रश्न पडतो. पहिल्या डावातल्या आघाडीचा नियम समजायला अवघड नाही. तो समजून घ्यावा इतकं आपलेपण हवं. आपल्याच गावचा पोरगा सदतीस धावांत गुंतलेला असता, तर हा हिशेब गावातल्या आजीनेही तोंडपाठ केला असता.

एका बाबतीत सावधही राहायला हवं. 4 जून 2025 रोजी बंगळूरूत आयपीएल विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी होऊन अकरा जण गेले. एका शहरात, एका दाराशी, एका तासात सगळा आनंद कोंबला की असं होतं. आनंद वाटला तर तो सुरक्षितही राहतो. आयरिश लोक चषक महिनोन्‌महिने फिरवतात, त्यात हेही शहाणपण आहे.

म्हणून विदर्भ क्रिकेट असोसिएशनला एक विनंती. ऑक्टोबर 2025मध्ये शेष भारताला 93 धावांनी हरवून इराणी चषकही तुम्ही जिंकला, अकोल्याच्या तायडेच्या शतकासह. असे जिंकलेले चषक अकरा जिल्ह्यांत न्या. गडचिरोलीला न्या, बुलढाण्याला न्या, कारंजाला आणा आणि तिथून धनजच्या शाळेत एक तास ठेवा. बरोबर एखादा खेळाडू असला तर उत्तमच. निवड चाचण्यांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील एवढी व्यवस्था करा. आणि वाचकहो, रणजीच्या सामन्यांना बहुधा प्रवेश मोफत असतो. पुढच्या मोसमात जामठ्याला सामना असेल तेव्हा घरातल्या पोराला, पुतण्याला, शेजारच्या मुलीला घेऊन एक दिवस जा. जेवणाचा डबा बरोबर न्या, दिवसभर बसा, वाडकरला यष्टीमागे आणि दुबेला गोलंदाजी करताना डोळ्यांनी बघा.