अर्थिंगची तार कोठे जोडावी?

आज आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी फ्रिज, मिक्सर, गिझर, पाण्याची मोटार यांपैकी काही ना काही आले आहे. वस्तू घेताना आपण चार दुकाने फिरतो. परंतु तिच्या प्लगची तिसरी पिन पुढे कोठे जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या दुर्लक्षाची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी ही माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

घरातील प्रवाह फेज व न्यूट्रल या दोन तारांतून वाहतो. अर्थिंगच्या तारेत एरव्ही प्रवाह नसतो. फेजच्या तारेचे आवरण झिजून ती उपकरणाच्या लोखंडी अंगाला टेकली, तर अंगावर आलेली वीज वाहून नेणे आणि पुरवठा तोडायला लावणे, हे तिचे काम.

तिचा मार्ग असा असावा : उपकरणाचे धातूचे अंग, प्लगमधील जाड व लांब पिन, सॉकेटचे वरचे मोठे छिद्र, तेथून हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार, आणि मेन बोर्डातील मुख्य अर्थ टर्मिनल. हे टर्मिनल वीज कंपनीने मीटरजवळ दिलेल्या अर्थ टर्मिनलला, तसेच आपला अर्थिंगचा खड्डा असल्यास त्यालाही जोडावे. या मार्गात कोठेही स्वीच किंवा फ्यूज नसावा.

आता ती कोठे जोडू नये, ते पाहू. खड्ड्याचा खर्च वाचविण्यासाठी काही जण सॉकेटमध्येच अर्थ व न्यूट्रल एकत्र करतात. अशा वेळी मागे न्यूट्रल तुटला, तर उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. अर्थिंगसाठी नळाच्या पाइपावरही विसंबू नये. त्या पाइपाचा एखादा तुकडा प्लॅस्टिकचा बसविला की मार्ग तुटतो, आणि शेजाऱ्याच्या नळालाही वीज येऊ शकते. गॅसचा पाइप तर या कामी कधीच वापरू नये.

मग पाइपाला तार मुळीच लावायची नाही काय? लावायची, पण वेगळ्या हेतूने. याला बाँडिंग म्हणतात. विजेच्या तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय समान दाबावर असतात. त्याचप्रमाणे एक हात गिझरला व दुसरा नळाला लागला तरी दोहोंच्या दाबात धोकादायक फरक पडू नये, म्हणून घरात येणारे पाण्याचे व गॅसचे धातूचे पाइप क्लँप लावून तांब्याच्या तारेने मुख्य अर्थ टर्मिनलला जोडतात. संपूर्ण प्लॅस्टिकच्या पाइपाला याची गरज नाही.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. समजा, केवळ खड्ड्यावर भिस्त आहे आणि त्याचा रोध १० ओहम आहे. बिघाड झाल्यास २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर प्रवाह वाहील. ३२ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही, आणि उपकरणाचे अंग विजेने भरलेलेच राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो गळती ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग वगळू नये.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कपडे वाळविण्यासाठी लोखंडी तार न बांधता नायलॉनची दोरी बांधावी. वायर पत्र्यावरून गेली असेल व तिचे आवरण फाटले असेल, तर पत्र्यातून ती वीज ओल्या कपड्यांपर्यंत येते.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी व खड्ड्याचा रोध मीटरने मोजून घ्यावा. भाड्याच्या घरात असलेल्यांनी घरमालकाकडे तसा आग्रह धरावा. प्रत्येक सभासदाने या आठवड्यात आपल्या घरातील बोर्ड एकदा तपासून घ्यावा, ही आमची नम्र विनंती.