जिथे नदी शेताच्या वरून वाहते

शहागडच्या पुलावरून गोदावरी पाहिली, तर पाणी खाली दिसते. नदी खाली आणि गाव वर, यात कोणालाच नवल वाटत नाही. शेतातले पावसाचे पाणी ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत जाते. त्यासाठी यंत्र लागत नाही. शहागड समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे, त्यामुळे पाण्याला उतार मिळतोच.

आता असा देश डोळ्यांसमोर आणा, जिथे कालव्यातली होडी शेजारच्या कुरणात चरणाऱ्या गाईच्या डोक्यापेक्षा उंचावरून जाते! हा देश म्हणजे युरोपातील नेदरलँड्स. तेथील डच लोकांना आपले पूर्वज ‘वलंदेज’ म्हणत. सतराव्या शतकात त्यांची वखार वेंगुर्ल्याला होती आणि तिचे अवशेष आजही तेथे आहेत. ‘नेदरलँड्स’ या नावाचा अर्थच मुळी ‘सखल प्रदेश’. देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. सर्वांत सखल जागा तर पावणेसात मीटर खाली, म्हणजे दोन मजली घर बुडेल इतकी खोल आहे.

या लोकांच्या रोजच्या जगण्यातील कित्येक गोष्टी पाहुण्याला विचित्र वाटतात. पण पाण्याची पातळी लक्षात ठेवली, की त्यांचा उलगडा होऊ लागतो.

कपड्यांसह पोहण्याची परीक्षा

डच मुले लहानपणीच पोहण्याचे प्रमाणपत्र मिळवतात. त्या परीक्षेत अंगात कपडे आणि पायांत पादत्राणे घालूनही पोहावे लागते. असे का बरे? ज्या देशात घरापुढे कालवा आणि शाळेच्या वाटेवर चर, तेथे मूल पाण्यात पडेल ते अंगावरच्या कपड्यांनिशीच. पाण्यात असताना भिजलेल्या कपड्यांचे ओझे फारसे जाणवत नाही, कारण त्यांत शिरलेले पाणी भोवतालच्या पाण्याइतक्याच घनतेचे असते. पण हातपाय हलवताना कपडे पाण्याला अडवतात आणि दम लवकर लागतो. काठावर चढताना मात्र शोषलेल्या पाण्याचे सगळे वजन अंगावर येते. याचा सराव मुलांना आधीच करून दिला जातो.

कुंपण नाही, चर आहे

आपल्याकडे शेताला बांध असतो किंवा काट्यांचे कुंपण असते. डच कुरणांमध्ये बहुधा पाण्याने भरलेले चर दिसतात. गाय चर ओलांडत नाही, म्हणून कुंपणाचे काम होतेच. पण चराचे खरे काम निराळे आहे. शेतात मुरलेले पाणी त्यात झिरपते. ते उपसून वरच्या कालव्यात चढवतात आणि तेथून पुढे नदीत किंवा समुद्रात सोडतात. भोवती बांध घालून अशा प्रकारे कोरड्या ठेवलेल्या जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात.

पूर्वी हे उपसण्याचे काम पवनचक्क्या करीत. एक चक्की पाणी साधारण दीड मीटरच वर चढवू शके, म्हणून खोल पोल्डरमध्ये टप्प्याटप्प्याने अनेक चक्क्या बसवत. पुढे वाफेची यंत्रे आली. १८४९ ते १८५२ या काळात अशा तीन यंत्रकेंद्रांनी हार्लेमरमेर नावाचे मोठे सरोवर उपसून कोरडे केले. आज त्याच्या तळावर स्किफोल विमानतळ आहे. तेथे उतरणारे विमान समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली उतरते!

उपसावे तर जमीन खचते

येथे एक मोठी अडचण आहे. या देशातील पुष्कळशी जमीन ‘पीट’ची, म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साठलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची आहे. पाण्याखाली प्राणवायू फार थोडा असतो, म्हणून ती पूर्ण कुजत नाही. पाणी उपसले की पीट आक्रसते, मोकळ्या झालेल्या छिद्रांत हवा शिरते, सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि पीटचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. जमीन खाली बसते. ती खचली की पाणी पुन्हा पृष्ठभागाजवळ येते, मग आणखी उपसावे लागते. हे चक्र शतकानुशतके चालू आहे.

शहरात मात्र नेमकी उलट काळजी घ्यावी लागते. ॲमस्टरडॅममधील जुनी घरे मऊ मातीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. तेथील राजवाड्याखाली १३,६५९ खांब आहेत आणि सतराव्या शतकातील ही इमारत अजून त्यांवर उभी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. खांब पूर्ण पाण्याखाली असतील तोवर तिचे काही चालत नाही. पण भूजल खाली गेले आणि खांबांची डोकी उघडी पडली, की ती कुजू लागतात. म्हणून एरवी पाणी बाहेर काढणारे हे लोक शहरात ते घटू देत नाहीत!

दोरी, कप्पी आणि अरुंद घरे

कालव्याकाठची जागा मोलाची, म्हणून तेथली जुनी घरे अरुंद आणि उंच आहेत. जिने इतके उभे, की कपाट वर नेणे अशक्य. त्यासाठी घराच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा असतो. त्यात कप्पी अडकवून सामान दोरीने वर ओढतात व खिडकीतून आत घेतात. स्थिर कप्पी बळ वाचवत नाही, फक्त त्याची दिशा बदलते, हे तुम्ही शिकलाच आहात. काही घरांच्या दर्शनी भिंती मुद्दामच किंचित पुढे झुकलेल्या बांधल्या आहेत, म्हणजे वर जाणारे ओझे भिंतीवर आपटत नाही.

पातळी कोण ठरवणार?

शेतकऱ्याला पाणी खाली हवे, घरमालकाला वर हवे. हा तंटा सोडवायला तेथे ‘जलमंडळे’ आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. आज अशी २१ मंडळे आहेत. ती स्वतःचा कर घेतात आणि त्यांच्यासाठी दर चार वर्षांनी मतदान होते. बांधाची हेळसांड झाली, तर शेजारीही बुडतात. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्राने वादळात बांध फोडले आणि त्या देशात १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर दक्षिणेकडील खाड्यांवर बांध आणि दरवाजे घालण्याचे प्रचंड काम हाती घेतले गेले. ते १९९७ मध्ये पूर्ण झाले.

आपल्या पायांखाली

अशा खोडी आपल्या मातीलाही आहेत. गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व निघून जाते, म्हणून असे होते. त्यामुळे काळ्या मातीत उथळ पायावर उभे केलेले घर तडकते. जुन्या बोलीत शेतीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. मराठवाड्यातील जुन्या माळवदांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, तोही घराबाहेरचे ऊन आत लवकर येऊ देत नाही. डच पीट एकदा हवेत विरली की परत येत नाही. आपली काळी माती मात्र पुढच्या पावसात पुन्हा फुगते.

हे करून पाहा. एकाच मापाची दोन पसरट झाकणे घ्या. एकात काळ्या मातीचा आणि दुसऱ्यात पांढऱ्या मातीचा घट्ट चिखल काठोकाठ भरा आणि सावलीत आठवडाभर वाळू द्या. मग पट्टीने दोन्ही वड्यांचा व्यास मोजा. कोणती वडी शेकडा किती आक्रसली? भेगा कोणत्या वडीला पडल्या? उत्तर वहीत लिहा, आणि गावातले जुने वाडे कोणत्या जमिनीवर उभे आहेत ते जाऊन पाहा.