कोचीचा मोसम

कोचीस केव्हा जावे, असे आमच्याकडील मंडळी विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी बहुधा मनाशी आधीच ठरविलेले असते: नाताळच्या सुमारास, कारण तेव्हा हवा गार असते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यावरून बांधलेला हा अदमास मलबारच्या किनाऱ्यावर मात्र साफ चुकतो. विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंश उत्तरेस वसलेल्या या शहरात थंडी अशी नाहीच; जानेवारीच्या दुपारी पारा ३१-३२ अंशांवर चढतो, आणि भर जुलैत, आभाळ दिवसच्या दिवस झाकोळलेले असते तेव्हा, तोच २९-३० च्या आसपास घुटमळतो. हिवाळी प्रवाशाच्या पदरात पडतो तो गारवा नव्हे, तर केवळ कोरडेपणा. आणि वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या नगरीला केवळ कोरड्यात पाहणे म्हणजे गवयाची गाठ त्याच्या मौनाच्या दिवशी घेण्यासारखे आहे.

वस्तुतः 'मोसम' हा शब्दच मूळचा दर्यावर्दी आहे. अरबी खलाशांचा 'मौसिम', म्हणजे ठराविक समय, तोच पोर्तुगीजांच्या जिभेवरून इंग्रजांकडे जाऊन 'मान्सून' झाला, आणि आपण आंब्याचा मोसम म्हणतो तेव्हाही नकळत त्याच वाऱ्याची आठवण काढतो. कोचीचे बंदर या वाऱ्यानेच चालविले. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे मुख खुले झाले, असे परंपरेने मानतात. तेथून पुढे गलबतांचा शिरस्ता एकच: पावसाळा उताराला लागला, की नैर्ऋत्य वाऱ्याच्या शेवटच्या जोरावर येऊन बंदरात शिरावे, मिऱ्यांचा सौदा करावा, जकात भरावी आणि ईशान्येचा वारा स्थिरावला म्हणजे डिसेंबर-जानेवारीत परतीचे शीड उभारावे. पोर्तुगीज आरमारानेही हाच नियम पाळला. १५२४ च्या सप्टेंबरात वास्को द गामा आपल्या चौल बंदरात पोहोचला तो याच हिशेबाने. तेथून गोव्यावरून कोचीस गेला, आणि जहाजे मिरी भरून परत फिरण्याच्या ऐन हंगामात, २४ डिसेंबरला, तेथेच मरण पावला. सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये त्याचे दफनस्थान आजही दाखवितात. अस्थी मात्र पुढे पोर्तुगालला नेल्या गेल्या.

मिऱ्यांचीच एक आख्यायिका केरळात सांगतात. पोर्तुगीज मिरवेलीची रोपे आपल्या मुलखात नेऊ पाहत आहेत, अशी तक्रार कालिकतच्या सामुतिरीच्या दरबारी आली, तेव्हा वेल खुशाल नेऊ देत, आमची 'तिरुवातिरा ञाट्टुवेला' तर त्यांना नेता येणार नाही ना, असे म्हणून ती निकालात काढण्यात आली. तिरुवातिरा म्हणजे आपले आर्द्रा नक्षत्र, आणि ञाट्टुवेला म्हणजे सूर्याचा त्या नक्षत्रातील मुक्काम. मृगामागून आर्द्रा मोजीत पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या कथेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हिवाळ्याची बाजू अगदीच लंगडी आहे, असे नव्हे. मिऱ्यांची तोडणी तेव्हाच होते, आणि मट्टनचेरीच्या कौलारू वखारींपैकी ज्या अजून व्यापार सांभाळून आहेत त्यांच्या दारावरून जाताना सुंठ-मिऱ्यांचा उग्र दरवळ नाकाला झोंबतो; २०१२ पासून भरू लागलेले कलेचे द्वैवार्षिक प्रदर्शनही डिसेंबरातच सुरू होते. परंतु गर्दीही तेव्हाच असते. एप्रिल-मे घामात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपार कलली, की 'तुलावर्षम्', म्हणजे परतीचा पाऊस, विजांसह गाठतो. जूनमधील पहिल्या माऱ्यात जावे, असे मी केवळ निवडक वेड्यांनाच सांगेन.

माझे मत श्रावणाच्या सुमाराला आहे. मल्याळी पंचांगातील 'चिंगम्' महिना ऑगस्टच्या मध्यास लागतो. पावसाचा आवेग ओसरून ऊन आणि सर यांचा लपंडाव सुरू होतो. ३१ जुलैस यांत्रिक नौकांवरील मासेमारीची बंदी उठलेली असल्याने बाजारात मासळीची रेलचेल असते. आणि ओणमच्या आरंभी, अत्तम् नक्षत्राच्या दिवशी, जवळच्या त्रिपुणितुरा येथे ती मिरवणूक निघते, जिच्यात एके काळी कोचीचे महाराज स्वतः प्रजेसमोर येत. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालू असते, गाड्या सावकाश धावतात. खिडकीची जागा मिळाल्यास ही गैरसोय नव्हे. ऋतूपेक्षा वाराचीच अधिक फिकीर करावी: मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग शनिवारी, त्यामुळे 'शनिवार-रविवार जोडून' येणारा चाकरमानी हमखास फसतो.

सर ओसरली, की फोर्ट कोचीच्या धक्क्यावर चिनी जाळ्यांपाशी जाऊन उभे राहावे. दोरांना टांगलेले धोंडे खाली येतात, चार-सहा माणसे एका सुरात ओढ घेतात आणि पाण्यातून ते अजस्र जाळे निथळत वर येते. त्यात मासळी बहुधा ओंजळभरच असते. ती तेथेच विकत घ्यावी. शेजारी तळून देतात.