कांद्याला फूल येऊ द्या की!

घरातल्या टोपलीतला एक कांदा मागून घ्या. दिवाळीच्या सुमाराला मागा. एप्रिल-मे महिन्यात काढलेला उन्हाळ कांदा तोवर झोपून झोपून कंटाळलेला असतो आणि त्याच्या शेंड्यातून हिरवा कोंब डोकावायला लागतो. असा कोंबलेला कांदा भाजीत घालायला कुणी फारसं राजी नसतं, म्हणून तो तुम्हाला चटकन मिळेल. आपल्याला नेमका तोच हवाय. कारण त्याला आपण फूल आणणार आहोत.

परदेशातल्या बागांच्या फोटोंत उंच काठीवर जांभळे गोळे डोलताना तुम्ही पाहिले असतील. ते शोभेचे कांदेच! त्यांतला सगळ्यात दांडगा ‘जायंट ॲलियम’ मूळचा इराण आणि मध्य आशियातल्या डोंगरांतला. फुलायचं तर त्याला कित्येक आठवडे कडाक्याचा हिवाळा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरला की आपण कानटोप्या शोधतो, पण त्या पाहुण्याला ती थंडी वाटतच नाही. काही हौशी लोक हे कांदे आधी फ्रिजमध्ये ठेवून त्यांना हिवाळ्याचा भास करून देतात. मला विचाराल तर एवढी यातायात कशाला? आपल्या पोह्यांतल्या कांद्याला पुण्याची थंडी अगदी पुरते.

आता कांदा लावण्याआधी एक गंमत बघा. मोठ्या माणसाच्या मदतीने त्याचा वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापा. वर्तुळं दिसतील. ती सगळी खरं तर पानंच आहेत, पानांचे अन्न साठवून जाड झालेले बुडखे. कांद्याचं खोड म्हणजे तळाची ती कडक चकती, जिला मुळांच्या मिशा असतात. वर्तुळांच्या मध्यावर हिरवट पिवळे ठिपके दिसतायत? ते डोळे. काही कांद्यांत एकच डोळा असतो, काहींत दोन-तीन. जितके डोळे, साधारण तितके फुलांचे दांडे मिळायची आशा!

उरलेला खालचा भाग भोकं असलेल्या कुंडीत, शेणखत मिसळलेल्या मातीत लावा. कापलेला भाग मातीच्या पातळीला आला की पुरे. ऊन भरपूर हवं. पाणी मात्र बेताचं, वरची माती सुकली की मगच. नाहीतर कांदा सडतो आणि घरभर त्याची बातमी पसरते.

आठवड्याभरात पात वर येईल. खरं काम मात्र आत, आपल्याला न दिसणाऱ्या जागी चालू असतं. कांद्याच्या पोटातला वाढता शेंडा एरवी नुसती पानं बनवत असतो. त्याला काही आठवडे साधारण ८ ते १३ अंशांची थंडी मिळाली, की तो पानं सोडून फुलाची कळी घडवायला घेतो. म्हणूनच हा कांदा जूनमध्ये लावला तर बहुधा नुसती पातच मिळेल. नुकत्याच उगवलेल्या इवल्या रोपावरही थंडीची जादू चालत नाही, आधी अंगात थोडा साठा लागतो.

शेतकऱ्यांना या फुलांचा भारी राग. शेतातल्या कांद्याला असे दांडे आले की ते म्हणतात, ‘डेंगळे आले!’ साठवलेलं अन्न फुलाकडे जातं, कांद्याच्या मधोमध कडक दांडा राहतो आणि असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. पण बी तयार करणारा शेतकरी याच डेंगळ्यांची वाट बघत असतो. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की चाकणच्या पुढे राजगुरूनगर येतं. तिथे कांदा आणि लसूण यांच्यासाठीच एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. १९९४ साली ती नाशिकला सुरू झाली आणि १९९८ मध्ये राजगुरूनगरला आली. गावाशेजारून भीमा नदी वाहते, आणि तिथल्या कांद्यांची नावं ऐका: भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा श्वेता. जणू एकाच घरातली भावंडं! यातल्या दोन जातींचं बी एकाच वेळी तयार करायचं असेल, तर दोघींच्या शेतांत निदान किलोमीटरभर अंतर ठेवावं लागतं. का, ते आता तुमच्या कुंडीतच दिसेल.

जानेवारीच्या सुमाराला पातीतून एक पोकळ, मध्येच फुगलेला दांडा निघतो. टोकाला पापुद्र्यात गुंडाळलेली टोकदार कळी. पापुद्रा फाटला की आतून बाहेर पडतात शेकडो छोट्या कळ्या आणि त्यांचा गोंडा होतो. आता भिंग घ्या. प्रत्येक फुलाला सहा पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर मधोमध एक हिरवी रेघ. सहा पुंकेसर असतात, आधी आतले तीन पराग सोडतात, मग बाहेरचे तीन. तोवर मधली स्त्रीकेसराची दांडी अगदी ठेंगणी असते. पराग संपले की मगच ती उंच होते आणि पराग घ्यायला तयार होते. म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग वापरता येत नाहीत, शेजाऱ्याकडून आणावे लागतात!

ते आणायचे कुणी? मधमाश्यांनी. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्यामुळे तो त्यांना फारसा रुचत नाही. शेजारी मोहरी फुलली असेल तर त्या खुशाल तिकडे जातात. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत त्या फिरकल्याच नाहीत, तर तुम्हीच माशी व्हा. सकाळी उशिरा, दव सुकल्यावर, गोंड्यावरून तळहात अलगद फिरवा, रोज, फुलं उमलत असेपर्यंत. दोन गोंडे असतील तर आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून. दांडा वाऱ्याने वाकतो, म्हणून त्याला काठीचा आधार द्या. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका.

मार्च-एप्रिलमध्ये फुलांच्या जागी तीन कप्प्यांची बोंडं धरतात. काही बोंडं उकलून आतलं काळं बी दिसू लागलं की गोंडा कापून कागदी पिशवीत वाळवा. मग कुंडी उकरा. लावलेला कांदा शोधाल तर सुरकुतलेली सालं हाताला लागतील, कारण त्याने सगळा साठा फुलांवर उधळलाय.

पिशवीतलं तिकोनी काळं बी येत्या ऑक्टोबरलाच पेरा, कारण वर्षभरात त्याची उगवायची ताकद बरीच कमी होते. तुमचा कांदा लाल आणि शेजारच्या गॅलरीत कुणी पांढरा लावलेला असेल, तर मधमाशीने काय घोटाळा करून ठेवलाय ते बियांकडे बघून ओळखता यायचं नाही. ते कळेल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, कांदे उपटल्यावर!